‘तसं काही नाही’ या उत्तरामागे काय दडलंय?

टॅब घेऊन एखादी ताई दारात येते. आरोग्याची माहिती हवी म्हणते. नालासोपारा पूर्वेच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली, दार सताड उघडं, सासूबाई भाजी निवडत बसलेल्या, शेजारीण डोकावतेय. अशा वेळी नवरा कसा वागतो हे कोणती सून खरं सांगेल? "तसं काही नाही," एवढंच ती म्हणते. वस्तीत फिरताना हे उत्तर आम्ही किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही.

मग देशातल्या लैंगिक अत्याचाराचे आकडे येतात कुठून? एक मार्ग पोलीस ठाण्याचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे मोजले. ठाण्यापर्यंत गेलेल्या आणि तिथे नोंद झालेल्या बायकांचाच हा आकडा. दुसरा मार्ग घरोघरच्या पाहणीचा. केंद्राच्या आरोग्य खात्यासाठी मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सुमारे सहा बायकांनी आयुष्यात कधीतरी लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्यातल्या विवाहित बायकांपैकी दहातल्या आठांहून जास्त जणींनी बोट दाखवलं ते आत्ताच्या नवऱ्याकडे. अठरा वर्षांवरील बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या कायद्यात बलात्कार ठरत नाही, म्हणून ती पोलिसांच्या त्या आकड्यात कधी येतच नाही. मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर जणींपैकी मदत मागितली फक्त चौदा जणींनी.

आमच्या मते सहा हा आकडाही कमीच आहे.

सर्वेक्षणाचे नियम मात्र चांगले आहेत. घरातली एकच बाई निवडायची. हे प्रश्न ती एकटी असतानाच विचारायचे, एकांत मिळत नसेल तर सोडून द्यायचे. ‘बलात्कार झाला का’ असं न विचारता, इच्छा नसताना नवऱ्याने जबरदस्तीने संबंध ठेवला का, असं विचारायचं. शब्दांचा हा फरक मोठा आहे. ‘अत्याचार’ म्हटलं की बायकांच्या डोळ्यांसमोर अंधारातला परका माणूस येतो. आम्ही एकीला साध्या शब्दांत विचारलं, तर म्हणाली, "ते होय? ते तर होतंच की."

उणिवा आहेत. हे प्रश्न निवडलेल्या घरांपैकी थोड्याच घरांत विचारले जातात, त्यामुळे राज्याचा आकडा निघतो, पालघर जिल्ह्याचा वेगळा निघत नाही. अठराच्या आतल्या मुली आणि पन्नाशीच्या बायका यात नाहीत. अत्याचार करणारा नात्याने कोण हे विचारतात, त्याची जात विचारत नाहीत. खैरलांजीच्या खटल्यात अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा कोर्टात टिकला नाही, हे पाहिलेल्या समाजाला ही उणीव लहान वाटणार नाही. अमेरिकेतही हाच घोळ होता. २०१४ साली तिथल्या तज्ज्ञांच्या समितीने सुचवलं की गुन्ह्यांच्या सर्वसाधारण पाहणीत हे प्रश्न घुसडू नका, वेगळी पाहणी करा, आणि बाईला हेडफोनवर प्रश्न ऐकून स्वतःच बटण दाबून उत्तर देऊ द्या. वाचता न येणाऱ्या आपल्या आयाबहिणींनाही हे जमेल. शेजारणीला प्रश्नही ऐकू जाणार नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. ताई आली की सासूबाईंनी नातवंडांना घेऊन विहारात जावं. महिला मंडळाने विहाराची खोली तासाभरासाठी उघडी ठेवावी. एखादा प्रश्न नको असेल तर ‘नाही सांगायचं’ म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. सर्वेक्षणात दिलेलं उत्तर नावानिशी छापलं जात नाही.

सांगताना जुनी जखम उघडी पडते, हे आम्हाला ठाऊक आहे. बोलायचं असेल तर १८१ वर फोन करा. अत्याचार नुकताच झाला असेल तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठा, कारण एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं तेवढ्या वेळातच सुरू करावी लागतात आणि गर्भ राहू नये म्हणून द्यायची औषधंही तेवढ्या वेळात जास्त गुणकारी ठरतात. जितकं लवकर तितकं बरं. जमलं तर आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. सरकारी असो वा खाजगी, दवाखान्याने मोफत उपचार करायलाच हवेत. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणून कोणी परत पाठवलं, तर जागचं हलू नका आणि मंडळातल्या कुणाला तरी तिथे बोलावून घ्या.