पुणतांब्याहून दिसणारे शाकाहारी ताट

शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी शहराकडे निघालेला आपल्याकडील तरुण पहिला प्रश्न विचारतो तो जेवणाचा. चांगले शाकाहारी जेवण कोठे मिळेल? उत्तर अवघड नाही. पुण्यात टिळक रस्त्यावरील बादशाही बोर्डिंगने विद्यार्थ्यांच्या आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदारांच्या कित्येक पिढ्या पोसल्या. लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाऊस चित्रपट-दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी 1935 साली सुरू केले. मुंबईत माटुंग्याला ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून पंगती वाढीत आहे. इतक्या दूर जायचे नसेल, तर पुणतांब्याच्या शेजारी शिर्डी संस्थानाचे प्रसादालय आहेच. दूधतूपही वर्ज्य मानणाऱ्यांनी तर फार शोधाशोध करू नये. पिठले, भाकरी आणि ठेचा यांत दुधाचा थेंबही नसतो.

परंतु खानावळीची पारख केवळ चवीवर करणे अपुरे आहे. जुन्या वळणाच्या खानावळीची खरी खूण अशी, की तेथे ताटाचा दर ठरलेला असतो आणि भाजी मात्र ठरलेली नसते. मंडईत जे मुबलक, ते त्या दिवशी ताटात. कोबी उतरला की कोबी, मेथी महागली की मटकी. महागाईच्या आठवड्यातील तोटा स्वस्ताईच्या आठवड्यात भरून निघतो आणि गिऱ्हाइकाला वर्षभर जवळजवळ एकच दर लागतो. सरासरीचा हा साधा नियम खानावळवाला पुस्तक न वाचता पाळतो.

केंद्र सरकारच्या 2019-20 च्या आर्थिक पाहणीत थाळीच्या अर्थशास्त्राला एक स्वतंत्र प्रकरण दिलेले होते. सरासरी औद्योगिक कामगाराच्या कमाईच्या मानाने शाकाहारी थाळी 2006-07 पासून 29 टक्क्यांनी अधिक परवडू लागली, असा तिचा निष्कर्ष होता. ही आनंदाची गोष्ट खरी. मात्र ज्याच्या शेतातून हे ताट भरते, त्याला ते किती परवडले, हा प्रश्न त्या मोजमापात बसत नाही.

तो प्रश्न 2017 साली पुणतांब्याने विचारला. चांगदेवांच्या समाधीमुळे परिचित असलेल्या या गोदाकाठच्या गावातील शेतकऱ्यांनी संपाचा ठराव केला आणि 1 जूनपासून शहरांना जाणारे दूध व भाजीपाला रोखून धरण्याचे आंदोलन राज्यभर पसरले. कामगार संप करतो, शिक्षक करतो, कारकून करतो. शेतकऱ्याने संप करावा, याचे मात्र शहराला नवल वाटले. त्याच महिन्यात राज्य सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. पण कर्जमाफीने जुना हिशेब मिटतो, पुढचा भाव ठरत नाही.

भावाचे वास्तव काय आहे? रिझर्व्ह बँकेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार, ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातील सुमारे 36 पैसे शेतकऱ्याला मिळतात, टोमॅटोतील 33 पैसे. उरलेल्यात वाहतूक, नासाडी, अडत आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा येतो. यातील प्रत्येक पैसा लुटीचाच आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि जोखमीची वाटणी विषम आहे, हे नाकारता येत नाही. खानावळवाल्याजवळ सरासरी आहे. शेतकऱ्याजवळ एकच पीक आणि विक्रीचे मोजके दिवस असतात. त्यातून भाव चढू लागला की सरकार आडवे येते: डिसेंबर 2023 मध्ये घातलेली कांदा निर्यातबंदी मे 2024 पर्यंत टिकली. भाव कोसळतो तेव्हा मात्र तशी तातडी दिसत नाही.

ताटाला दहा रुपये अधिक मोजले म्हणजे ते आपोआप शेतापर्यंत पोहोचतील, अशी भाबडी समजूत करून घेण्यात अर्थ नाही. मार्ग दुसरा आहे. महाराष्ट्राने 2016 साली फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. शेतकरी उत्पादक कंपन्यांना तर कायद्याचा आधार त्याआधीपासूनच आहे. मोठ्या खानावळी, वसतिगृहे आणि कार्यालयांची उपाहारगृहे यांनी अशा कंपन्यांशी हंगामापुरता ठरीव दराचा करार केला, तर जी सरासरी आज गिऱ्हाइकाला सांभाळते, तीच शेतकऱ्यालाही थोडीफार सांभाळील. खानावळीला भाजीचा भरवसा आणि शेतकऱ्याला भावाचा, असा हा दुहेरी लाभ आहे.

महाविद्यालयाच्या वसतिगृहात, बँकेच्या वा कचेरीच्या भोजनगृहात हा प्रश्न उपस्थित करण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला आहे. कारण तेथील गिऱ्हाईक आपणच आहोत. भेट देण्याजोगी खानावळ कोणती, याचे उत्तर मग थोडे बदलेल. ज्या खानावळीचा मालक भाजी कोणत्या गावाहून आणि किती भावाने आणली हे न अडखळता सांगू शकेल, तेथे आवर्जून जेवावे.