गाळ जिवंत ठेवायचा, तर

सकाळी ६.३०
पिंपरी-चिंचवडमधल्या या सोसायटीत अडीचशे घरं. त्यांचं दिवसाला लाखभर लिटर सांडपाणी तळघरातल्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, येतं. रात्रपाळीच्या भाऊंकडून नोंदवही घेतली की आधी टाकीला हवा पुरवणाऱ्या ब्लोअरचा आवाज ऐकतो. आवाज बदलला असेल तर बेल्ट, बेअरिंग, तेल तपासायचं. मग एअरेशन टाकी बघायची. बुडबुडे सगळीकडे बारीक आणि सारखे हवेत. एकाच कोपऱ्यात पाणी उसळत असेल, तर तिथला बुडबुडे सोडणारा डिफ्युझर फाटलाय.

७.१५
आंघोळी-धुण्यांची वेळ, त्यामुळे पाण्याचा लोंढा असतो. हातमोजे घालून लांब दांड्याच्या दाताळ्याने बार स्क्रीनची जाळी साफ करतो. केस, इअरबड, सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स. पाकिटावर ‘फ्लश करा’ असं छापलेलं असलं तरी वाइप्स विरघळत नाहीत. त्यांचा पीळ होऊन ते पंपाच्या इम्पेलरला गुंडाळतात. पुढे ऑइल ट्रॅपवरचा तेलाचा थर काढायचा. हे तेल पुढे गेलं, तर गाळावर चढून त्याची हवा तोडतं.

९.००
दिवसातली सगळ्यात महत्त्वाची चाचणी. एअरेशन टाकीतलं एक लिटर पाणी मोजपात्रात घेऊन अर्धा तास अजिबात न हलवता ठेवतो. आधी सगळं चॉकलेटी दिसतं. पाचेक मिनिटांत कण एकमेकांना धरून पुंजके होतात आणि वर निवळ पाण्याची पट्टी उमटते. आज अर्ध्या तासाने गाळ २८० मिलिलिटरवर बसला. वरचं पाणी स्वच्छ, वास ओल्या मातीचा. म्हणजे तब्येत उत्तम. रंग काळा आणि वास सडक्या अंड्यांचा असता, तर हवा कमी पडतेय असं समजायचं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास लागतो.

हा गाळ म्हणजे जिवाणूंची वस्ती. घाण खाऊन पाणी तेच साफ करतात. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवून दिलं, की खाली बसलेला गाळ फेकून न देता नव्या सांडपाण्यात पुन्हा मिसळला, तर आठवड्यांचं काम तासांत होतं. आपण विरजण राखून ठेवतो तसंच. म्हणून गाळ खाली बसवणाऱ्या क्लॅरिफायर टाकीच्या तळाचा गाळ पंपाने परत एअरेशनला जातो.

११.३०
जास्तीचा गाळ मात्र काढावाच लागतो, नाहीतर तो क्लॅरिफायरवरून वाहून फिल्टरमध्ये शिरतो. काढलेला गाळ पाणी पिळून काढायला फिल्टर प्रेसला देतो. वाळूच्या फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये दाबाचा फरक वाढला होता. म्हणून उलट्या दिशेने पाणी सोडून बॅकवॉश दिला; गढूळ पाणी निवळेपर्यंत व्हॉल्व्ह सोडला नाही.

दुपारी ३.००
एका वहिनींनी विचारलं, “काका, संडासात ॲसिड टाकलं तर चालेल का?” म्हटलं, “वहिनी, थोडं साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे. घरोघरी एकाच दिवशी ॲसिड ओतलं, तर खालचे जिवाणू मरतात. ते पुन्हा वाढायला कित्येक दिवस जातात.” त्यांनी महिलांच्या ग्रुपवर लगेच लिहिलं.

४.३०
कलेक्शन टाकीतला पंप अडकला. इथे नियम एकच: माणूस आत उतरणार नाही. पंप साखळीने वर ओढायचा आणि वरच साफ करायचा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो हवेपेक्षा जड असतो. त्याचं प्रमाण फार वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणूस धोका ओळखण्याआधीच कोसळतो. संरक्षणाशिवाय गटारात किंवा मैल्याच्या टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी अशा टाक्यांत माणसं मरतात, आणि प्रत्येक बातमी वाचून मला संताप येतो. जाळी रोज साफ झाली, साखळी जागेवर असली आणि जोडीचा पंप तयार असला, तर कुणाला उतरवायची वेळच येत नाही. देखभालीचे पैसे वाचवणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

६.३०
क्लोरिन तपासून साफ केलेलं पाणी फ्लशच्या टाकीत आणि बागेच्या लाइनला सोडलं. तेवढं बोअरचं आणि टँकरचं पाणी वाचलं. नोंदवहीत लिहिलं: गाळ २८०, ब्लोअर दोन चालू, अडकलेला पंप साफ करून बसवला. रात्रपाळीला बजावलं, “वीज गेली तर जनरेटरवर आधी ब्लोअर घ्या, बाकी सगळं नंतर.”