हळदीतील बीजाणू आणि डीएनएची दुरुस्ती

काहिलीतून वाचलेले

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. सातारा-सांगलीकडे काढणीनंतर हळद काहिलीत किंवा कुकरमध्ये शिजवून उघड्यावर वाळवतात. शिजवताना वाढीतले जिवाणू मरतात. मातीतून आलेल्या बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस सीरियस या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची सुप्त रूपे, तगतात. हळदीच्या जंतुनाशक ख्यातीची त्यांना फारशी तमा नसते.

सुप्तावस्था

बीजाणूच्या गाभ्यात पाणी कमी आणि कॅल्शियमशी बद्ध डायपिकोलिनिक आम्ल भरपूर असते. छोटी विशिष्ट प्रथिने डीएनएला वेढून त्याची ठेवण बदलतात. चयापचय थांबलेला असल्याने दुरुस्ती होत नाही, इजा साठत जाते.

उन्हाची इजा

अतिनील किरणांनी साध्या पेशीत डीएनएतील शेजारची दोन थायमिन अक्षरे एकमेकांना चिकटतात. बीजाणूत डीएनएची ठेवण निराळी असल्याने तो जोडही निराळा होतो, आणि त्याच्यासाठी खास विकर आहे: बीजाणू-प्रकाशोत्पाद लायेज. अंकुरण सुरू होताच ते लोह-गंधकाच्या गुच्छाच्या आणि एस-अ‍ॅडेनोसिलमेथिओनिनच्या साहाय्याने मुक्तमूलक निर्माण करते व डीएनए न कापता जोड सोडवते. बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू वाढत्या पेशींपेक्षा 10 ते 50 पट अतिनील-सहिष्णू असतात, ते डीएनएला वेढणारी प्रथिने आणि ही दुरुस्ती यांच्या जोरावर. इतर प्रकारच्या इजेवर मात्र हे लायेज निरुपयोगी.

गॅमा किरण

मसाल्यांतला जंतुभार घटवायला गॅमा किरण वापरतात. त्यांनी डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. येथे डीएनएला वेढणाऱ्या प्रथिनांचा उपयोग नगण्य; पाणी कमी असल्याने घातक हायड्रॉक्सिल मूलके कमी बनतात, एवढाच आधार. बीजाणूत गुणसूत्राची सहसा एकच प्रत असते, त्यामुळे तुटलेला भाग ताडून पाहायला दुसरी नसते. मग अंकुरण सुरू झाल्यावर कू प्रथिन तुटकी टोके धरते आणि लिग-डी विकर ती थेट सांधते. सांध्यावर काही अक्षरे गळू शकतात.

मात्रा

वाशी येथील विकिरण प्रक्रिया संयंत्रात 2000 सालापासून कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी मसाल्यांवर प्रक्रिया होते. जंतुभार घटवण्यासाठी मसाल्यांना 6 ते 14 किलोग्रे (शोषलेल्या किरणमात्रेचे एकक) मात्रा अनुज्ञेय आहे. एश्चेरिशिया कोलायची संख्या दहापट घटवायला सुमारे 0.3 किलोग्रे पुरते, बीजाणूंना साधारण 1.5 ते 3 लागते. मोठ्या मात्रेत तुटी इतक्या होतात की सांधणारी विकरे अपुरी पडतात. लासलगावच्या संयंत्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून दिली जाणारी मात्रा 1 किलोग्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. बीजाणूंना तिचे काहीच वाटत नाही. विकिरणाने पुढच्या जंतुसंसर्गापासून संरक्षण मिळत नाही, म्हणून मसाला आधी बंद वेष्टनात भरून मगच किरणांपुढे धरतात.