इकाम्याआधी कागद एक करा

सौदी अरेबियाचा व्हिसा मिळाला म्हणजे काम झाले, असे आपले कित्येक कारागीर बंधू समजतात. व्हिसा हा आत येण्याचा परवाना. राहण्याचा परवाना म्हणजे इकामा. वैद्यकीय तपासणी व बोटांचे ठसे झाल्यावर मालक तो काढतो. पोहोचल्यापासून ९० दिवसांत तो निघावा लागतो. त्यावर पेशा काय लिहिला आहे ते जरूर पाहावे, कारण कुटुंब बोलावण्याची मुभा त्यावरच अवलंबून असते.

खरा घोटाळा नावाचा. माझा भाचा तिथे हिशेबनीस आहे. पासपोर्टवर 'शेख' शेवटी, निकाहनाम्यात सुरुवातीला! बायकोला बोलावताना सहा महिने वाया गेले. म्हणून १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे विवाह नोंदणीचा दाखला काढावा; त्यातील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. मग राज्य शासनाचे प्रमाणीकरण व परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल घ्यावे. डिसेंबर २०२२ पासून सौदी त्या करारात आहे.

शेवटची गोष्ट: पासपोर्ट मालकाने स्वतःकडे ठेवणे तिथे नियमबाह्य आहे. दुकानाच्या चावीसारखा तो आपल्याच खिशात असावा.