आधी नळी, मग विमान

"डॉक्टर, विमान कधीचं उभं आहे, तुम्ही इथे अजून काय करताय?" एअर अँब्युलन्सवरचा डॉक्टर म्हणून हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचं चुकत नाही. लाखांत पैसे भरलेत, आणि मी आयसीयूत पेशंटच्या छातीचा एक्स-रे निरखत उभा!

विमान कितीही उंच गेलं तरी केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तितका ठेवतात. आपलं कळसूबाई 5400 फुटांचं. म्हणजे मरणाच्या दारातल्या माणसाला आम्ही त्याहून वर नेऊन निजवतो. आठ हजारांवर श्वासातला ऑक्सिजन पाव हिश्शाने कमी पडतो आणि शरीरात कुठे हवा कोंडली असेल तर ती तिसऱ्या हिश्शाने फुगते. बरगडी मोडून फुप्फुसाभोवती जराशी हवा साठली, तर खाली पेशंट बोलतही असतो; वर तीच हवा फुप्फुस दाबून टाकते. म्हणून छातीत नळी आधी, उड्डाण मग. व्हेंटिलेटरच्या नळीला श्वासनलिकेत एक फुगा असतो, तोही वर फुगतो. त्याचा दाब तपासत राहावं लागतं.

ऑक्सिजनचा हिशेब मी स्वतः करतो. मिनिटाला 10 लिटर लागत असेल तर दोन तासांना 1200; मी दुप्पट घेतो. उतरायची परवानगी लांबली तर आकाशात सिलिंडर कोण आणून देणार? इंजिनांच्या घरघरीत स्टेथोस्कोप गळ्यात नुसता शोभेला. नजर मॉनिटरवर, हात पेशंटच्या छातीवर.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. विमान हे अंतर दोन तासांच्या आत कापतं. पण ते धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतच. दोन्ही टोकांना रस्त्यावरचीच अँब्युलन्स, वर परवानग्या आणि कागदपत्रं. त्यामुळे हार्ट अॅटॅकच्या पेशंटला तासाभरावर अँजिओप्लास्टी मिळत असेल तर विमानाची वाट बघणं मला साफ चूक वाटतं. डोंगराळ भागातलं हेलिकॉप्टर वेगळं. ऋषिकेशच्या एम्सची हेली-अँब्युलन्स 2024 मध्ये सुरू झाली ती त्यासाठीच.

तेव्हा अपघात झाला की आधी 108 लावा. विमान ठरवायची वेळ आलीच, तर पैसे भरण्यापूर्वी विचारा: सोबत आयसीयूचा अनुभव असलेला डॉक्टर आहे का, दोन्हीकडच्या अँब्युलन्स त्याच पैशांत आहेत का, आणि पुढच्या हॉस्पिटलने बेड पक्का केल्याचं लेखी दिलंय का.