वाट चुकलेली कोरोनरी रोहिणी

महारोहिणीच्या मुळाशी असलेल्या खळग्यांतून डावी आणि उजवी अशा दोन कोरोनरी रोहिण्या निघतात व हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवतात. काही जणांत जन्मतःच एखादी रोहिणी भलत्या खळग्यातून निघते किंवा स्नायूत बुडून जाते, तर क्वचित थेट फुप्फुस रोहिणीला जोडलेली असते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या 1,26,595 अँजिओग्राफींचा आढावा 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोरोनरी रोहिण्यांचे जन्मजात दोष सुमारे 1.3 टक्के रुग्णांत सापडले आणि त्यांतले पाचांपैकी चार निरुपद्रवी होते.

कर्नाटकातले निपाणी तंबाखूचे गाव. इथे तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांतून आलेल्या ब्लॉकेजसाठी पन्नाशीत अँजिओग्राफी होते, तेव्हा जन्मजात दोष योगायोगाने दिसतो. अशा वेळी छातीतल्या कळेचे खापर त्याच्यावर फोडण्याची घाई नको. दोषी बहुधा ब्लॉकेजच असते.

खरा धोका तरुणांना. डावी रोहिणी उजव्या खळग्यातून निघून महारोहिणी आणि फुप्फुस रोहिणी यांच्या मधून जात असेल, तर तिचे तोंड अनेकदा फटीसारखे अरुंद असते आणि सुरुवातीचा भाग महारोहिणीच्या भिंतीतच दडलेला असतो. जोर-बैठका, कुस्ती, कबड्डी अशा श्रमात तो दाबला जातो. भलत्या खळग्यातून निघालेल्या रोहिणीमुळे दगावलेल्या 27 तरुण खेळाडूंचा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 9 जणांचे आधीचे ईसीजी आणि 6 जणांच्या श्रमचाचण्या उपलब्ध होत्या. सगळे अहवाल नॉर्मल! म्हणून श्रमात घेरी येणाऱ्या किंवा छातीत कळ येणाऱ्या तरुणाला ‘ईसीजी चांगला आहे’ म्हणून घरी पाठवणे पुरेसे नाही. टूडी एकोत रोहिण्यांची मुळे मुद्दाम पाहावी लागतात. शंका उरली तर सीटी अँजिओग्राफी वाट नेमकी दाखवते.

उपचार दोषाच्या प्रकारावर ठरतात. डावी रोहिणी अशी दबत असेल आणि त्रास असेल, तर शस्त्रक्रियाच. भिंतीत दडलेला भाग उघडतात किंवा रोहिणी योग्य जागी पुन्हा जोडतात. केवळ बायपास केला, तर मूळ रोहिणीतून एरवी रक्त नीट वाहत असल्याने नवी वाहिनी बंद पडू शकते. उजव्या रोहिणीच्या दोषात त्रास किंवा रक्तपुरवठ्यातील घट सिद्ध झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार होतो. स्नायूत बुडालेल्या रोहिणीला बीटा-ब्लॉकर गोळ्या बहुधा पुरतात. घरोघरी ठेवलेली सॉर्बिट्रेट मात्र इथे त्रास वाढवू शकते. डावी रोहिणी फुप्फुस रोहिणीतून निघालेली बहुतेक बाळे उपचाराविना पहिल्या वर्षातच दगावतात. प्रौढपणी सापडलेल्यांनाही शस्त्रक्रिया सुचवली जाते.

अशा उपचारांसाठी बेळगावात केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. पण निपाणीकरांना महाराष्ट्रातले, सुमारे 40 किलोमीटरवरचे कोल्हापूर अधिक जवळ. राज्याची सीमा ओलांडली की कागद मागे राहतात आणि तपासण्या पुन्हा होतात. म्हणून अहवालाबरोबर अँजिओग्राफीची सीडीही जपून ठेवावी आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवावी.