केबल धावते, प्रोसेसर धापा टाकतो

इंटरनेटचा वेग म्हटला की सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे केबल किंवा मोबाइलचा मनोरा येतो. बँकेचे संकेतस्थळ उघडले नाही, आरक्षणाचे पान अर्ध्यावर अडकले की दोष ‘लाइन’ला दिला जातो. प्रत्यक्षात काही वेळा माहिती सर्व्हरच्या दारापर्यंत वेळेवर पोचलेली असते. खोळंबा होतो तो दारापासून आतल्या प्रोसेसरपर्यंतच्या वीतभर अंतरात.

नेटवर्कवरून येणारी माहिती ‘पॅकेट’ नावाच्या लहान लहान तुकड्यांत येते. सर्व्हरमधील नेटवर्क कार्ड हे तुकडे परस्पर मेमरीत मांडून ठेवते. त्यासाठी त्याला प्रोसेसरची मदत लागत नाही. मात्र माल आल्याची वर्दी द्यावीच लागते. ही वर्दी म्हणजे ‘इंटरप्ट’. ती मिळताच प्रोसेसर हातातले काम बाजूला ठेवतो, ते कुठवर आले होते याची नोंद करतो, नवे पॅकेट पाहतो आणि पुन्हा जुन्या कामाकडे वळतो. सरकारी कचेरीतील आवक-जावक कारकुनाला प्रत्येक पत्रासाठी घंटा वाजवून उठवावे, तसाच हा प्रकार. दिवसाला दहा पत्रे असतील तर तक्रार नाही. हजारो आली तर कारकून दिवसभर उठबशाच काढील आणि एकही पत्र साहेबांच्या टेबलापर्यंत जाणार नाही.

नेमके हेच संगणकात घडते, हे जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन या दोन संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले. त्यांच्या प्रयोगातील यंत्र पॅकेट तपासून पुढे पाठवण्याचे काम करीत होते. सेकंदाला सुमारे २ हजार पॅकेटपर्यंत ते निभावले. त्यानंतर काम वाढण्याऐवजी घटू लागले आणि ६ हजारांच्या आसपास ते पूर्ण ठप्प झाले. यंत्र बंद पडले नव्हते, उलट अहोरात्र राबत होते. पण सारा वेळ घंटेला ओ देण्यातच जात होता. या अवस्थेला ‘लाइव्हलॉक’ म्हणतात. मुद्दाम पॅकेटचा मारा करून सर्व्हर पाडू पाहणाऱ्यांसाठी ही आयतीच संधी होती, हे वेगळे सांगायला नको.

उपाय ऐकायला साधा आहे. पहिली घंटा वाजली की ती बंद करून टाकायची आणि प्रोसेसरने स्वतःच्या सवडीने पॅकेट गठ्ठ्याने उचलायची; रांग संपली की घंटा पुन्हा सुरू. लिनक्ससाठी ही पद्धत २००१ साली जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव यांनी ‘नॅपी’ या नावाने मांडली आणि ती आजही वापरात आहे. तिचा खरा गुण दुसराच. माल झेपेनासा झाला तर जादा पॅकेट कार्डाच्या पातळीवरच टाकून दिली जातात. प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नाही. फेकायचेच असेल तर उंबरठ्यावर फेकावे, घरात आणून मग नव्हे!

पण केबलचा वेग थांबला नाही. १९८३ च्या मानकातील ईथरनेट सेकंदाला १० मेगाबिटचे होते. २००२ साली ते १० गिगाबिटवर गेले. या वेगाने सर्वांत लहान पॅकेट येऊ लागली, तर दोन पॅकेटमध्ये जेमतेम ६७ नॅनोसेकंद मिळतात, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे सुमारे २०० ठोके. मुख्य मेमरीतून एक गोष्ट आणायलाच साधारण तेवढा वेळ लागतो. एकदा मेमरीकडे गेले की हिशेब संपला. १०० गिगाबिटला तर अवधी ७ नॅनोसेकंदांच्याही आत येतो.

यावर इंटेलने २०१२ मध्ये झिऑन ई-५ प्रोसेसरपासून ‘डीडीआयओ’ ही सोय आणली. तिच्यामुळे कार्ड पॅकेट मेमरीत न ठेवता थेट प्रोसेसरच्या जवळच्या ‘कॅश’मध्ये ठेवते. ही जागा मात्र मोजकीच, मूळ रचनेत कॅशच्या साधारण एक दशांश. प्रक्रिया रेंगाळली तर जुनी पॅकेट बाहेर ढकलली जातात आणि मेमरीची फेरी चुकत नाही. त्याआधी, २०१० मध्ये, इंटेलचे अभियंते वेंकी वेंकटेसन यांच्या पुढाकारातून आकाराला आलेल्या ‘डीपीडीके’ने तर घंटाच काढून टाकली. तीत प्रोसेसरचा एक गाभा कार्डाकडे अखंड डोळे लावून बसतो. वेग मिळतो, पण रात्री तीन वाजता एकही पॅकेट येत नसताना तो गाभा शंभर टक्के राबत राहतो आणि विजेचे बिल येतच राहते.

जवळिकीचीही किंमत असते. ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये ‘नेटकॅट’ नावाचा हल्ला उघड केला. काही विशिष्ट नेटवर्क रचनांमध्ये कॅशला लागणारा वेळ दुरून मोजून सर्व्हरवर कोणते पॅकेट केव्हा आले, हे त्यांना कळू शकले. सांकेतिक लिपीतील दूरस्थ सत्रात सहसा प्रत्येक कळ दाबताच एक पॅकेट निघते. दोन कळांमधील अंतरावरून काय टंकले जात आहे, याचा अंदाज बांधता येतो. भरवशाच्या नसलेल्या नेटवर्कमधून अशा सर्व्हरपर्यंतचा थेट प्रवेश मर्यादित ठेवावा, असा सल्ला तेव्हा इंटेलने दिला.